गळती, तुकड्या, निकाल: महाविद्यालयीन डेटावरून निर्णय घेताना

मध्यक

महाविद्यालये आणि विद्यापीठांकडे डेटा भरपूर असतो. प्रवेश अर्ज, हजेरी, अंतर्गत गुण, फीचे हप्ते, ऑनलाइन वर्गाच्या नोंदी, ग्रंथालयाचे व्यवहार. वर्षाखेरीस त्याचा जाडजूड अहवाल तयार होतो. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकावर किंवा समुपदेशकांच्या कामावर मात्र त्याचा काडीचाही परिणाम दिसत नाही. हे का होतं आणि काय केलं की होत नाही, यावर नेमकी चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. सुरुवात डेटापासून करू नये, निर्णयापासून करावी. विश्लेषण हाती घेण्याआधी कागदावर चार रकाने आखा: कोणता निर्णय, तो कोण घेणार, कोणत्या तारखेच्या आत, आणि आकडा किती आला तर निर्णय बदलेल. उदाहरणार्थ: "पहिल्या वर्षाच्या गणिताला जादा तुकडी उघडायची का, विभागप्रमुख, नोंदणी सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी, अपेक्षित मागणी उपलब्ध जागांपेक्षा १०% ने जास्त निघाली तर उघडायची." चौथा रकाना भरता येत नसेल तर ते विश्लेषण तूर्त बाजूला ठेवलेलं बरं. आकडा काहीही आला तरी जे करायचं तेच होणार असेल, तर ज्यांच्याकडून माहिती गोळा करतो त्या कारकुनांचा आणि शिक्षकांचा वेळ आपण फुकट घालवतो.

दुसरी गोष्ट छेदाची. "गळती किती?" हा प्रश्न तीन कार्यालयांना विचारला तर तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात. समजा पहिल्या दिवशी १२०० विद्यार्थी प्रवेशित आहेत. पहिल्या काही आठवड्यांत ६० जण प्रवेश रद्द करतात आणि गणनेच्या तारखेला, म्हणजे ज्या दिवशीची विद्यार्थीसंख्या अधिकृत धरली जाते त्या दिवशी, ११४० उरतात. पुढच्या वर्षी त्यांतले ९१२ जण नोंदणी करतात. छेदात १२०० घेतले तर टिकण्याचं प्रमाण ७६%, ११४० घेतले तर ८०%. शिकवण्यात, शिकण्यात तसूभरही बदल न होता चार टक्के वाढले. त्यात दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतलेले चुकून मोजले गेले, तर अंशात अशी माणसं येतात जी छेदात कधी नव्हतीच. अंशातला प्रत्येक जण छेदात असलाच पाहिजे, ही अट सोडू नये. बारावीनंतर थेट आलेले, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, अर्धवेळ शिकणारे आणि वर्ष पुन्हा करणारे यांचे गट वेगळे ठेवून प्रत्येक गटाचा प्रवास स्वतंत्रपणे पाहावा.

आणि गोठवलेली प्रत. चालू प्रणालीतून सत्राच्या सुरुवातीला काढलेला आकडा आणि सत्र संपल्यावर त्याच तारखेसाठी काढलेला आकडा जुळत नाही, कारण मधल्या काळात मागच्या तारखेने प्रवेश रद्द होतात, शाखा बदलतात, निकाल दुरुस्त होतात. म्हणून गणनेच्या दिवशी पूर्ण तक्त्याची प्रत काढा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती फक्त वाचता येईल अशी ठेवा. वर्षावर्षांची तुलना या प्रतींवरच करायची.

---

कोष्टक

धाग्याबद्दल आभार. छेदाच्याही आधी जिथे काम अडतं ती जागा म्हणजे वेगवेगळ्या विभागांच्या तक्त्यांची एकमेकांशी जोडणी. तिथल्या चुका दिसत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रवेश विभागाचा अर्ज क्रमांक वेगळा, परीक्षा विभागाचा बैठक क्रमांक वेगळा, ऑनलाइन वर्गात फक्त ईमेल. बैठक क्रमांक दर परीक्षेला बदलतो, त्यामुळे तो जोडणीची किल्ली म्हणून बाद. एक जोडतक्ता करा: प्रत्येक विद्यार्थ्याची एकच ओळ, एक कायमचा क्रमांक आणि त्यासमोर बाकीच्या प्रणालींतले क्रमांक. नाव आणि जन्मतारीख यांवर जोडणी हा शेवटचा उपाय समजा आणि तशा जोडलेल्या ओळी डोळ्यांनी तपासा.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली की "०७२१४" चं "७२१४" होतं. मग जोडणीत ती ओळ सापडत नाही आणि निमूट गळते. गळणाऱ्या ओळी सगळीकडून सारख्या गळत नाहीत, हे यातलं सगळ्यात वाईट. शून्याने सुरू होणारे क्रमांक बहुधा एका शाखेचे किंवा एका प्रवेशवर्षाचे असतात, म्हणजे ती आख्खी शाखाच विश्लेषणातून उठते आणि सरासरी मात्र ठीकठाक दिसते. फाइल आयात करताना तो रकाना मजकूर म्हणून घ्या.

उलट बाजूने ओळी वाढतातही. ११४० विद्यार्थ्यांचा तक्ता फीच्या तक्त्याशी जोडला आणि प्रत्येकाचे तीन हप्ते असले तर ३४२० ओळी होतात. सगळ्यांचे तीनच असते तर सरासरी निदान बिघडली नसती. पण काहींनी फी एकरकमी भरलेली असते. मग हप्त्याने भरणाऱ्यांचे गुण सरासरीत तीनदा मोजले जातात, एकरकमी भरणाऱ्यांचे एकदा. प्रत्येक जोडणीआधी आणि नंतर ओळी मोजा आणि वेगळे ओळख क्रमांक किती तेही मोजा. दोन ओळींचं काम आहे, पण निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

रिकामी चौकट आणि शून्य यांत गल्लत नको. गुणांच्या रकान्यात शून्य म्हणजे परीक्षेला बसून शून्य, "अनु" म्हणजे गैरहजर, रिकामं म्हणजे अजून भरलं नाही किंवा विषयच घेतला नाही. या वेगवेगळ्या स्थिती आहेत आणि त्यांवर करायच्या कृतीही वेगळ्या आहेत. अभ्यासक्रम बदलला की विषयांचे कोड बदलतात. जुन्या-नव्या कोडांचा तक्ता त्याच वेळी करून ठेवला नाही तर पाच वर्षांचा कल काढताना विषय मधेच "बंद" झालेला दिसतो.

---

निशिगंधा_७

मध्यक, तुम्ही जादा तुकडीचं उदाहरण दिलंत, तिथूनच पुढे जाते. उच्च शिक्षणात डेटाचा सगळ्यात थेट उपयोग इथे होतो आणि चर्चा मात्र सगळी गळतीच्या मॉडेलांची, म्हणजे कोण सोडून जाईल याचं संगणकी भाकीत करणाऱ्या पद्धतींची, चालते. एखाद्या आवश्यक विषयात जागा मिळाली नाही की त्यावर अवलंबून असलेले पुढचे दोन विषय लांबतात आणि पदवी एक सत्र पुढे जाते. हे विद्यार्थी नापास झालेले नसतात, म्हणून निकालाच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत.

नेहमीची चूक म्हणजे गेल्या वर्षीची नोंदणी हीच मागणी समजणं. गेल्या वर्षी ४० च्या ८ तुकड्या होत्या, ३२० जागा, आणि ३२० नोंदण्या झाल्या. यावरून मागणी ३२० होती असं ठरत नाही, निदान ३२० होती एवढंच कळतं. तुकड्या भरल्यावर आलेले विद्यार्थी नोंदलेच गेले नाहीत. याच आकड्यावर पुढचं वर्ष आखलं की तोच तुटवडा दर वर्षी जसाच्या तसा उतरतो.

मागणी खालून वर बांधत न्यावी. पूर्वविषयाला (ज्यावर हा विषय अवलंबून आहे त्याला) ४८० जण बसले आहेत. मागच्या काही सत्रांत तो ७५% उत्तीर्ण होतात, म्हणजे ३६०. उत्तीर्ण झालेल्यांपैकी ९०% लगेच पुढचा विषय घेतात: ३२४. याच विषयात गेल्या सत्रात ३०० जण होते, २०% चा विषय राहिला, म्हणजे ६०, आणि त्यांतले ७०% पुन्हा नोंदणी करतात: ४२. एकूण ३६६. चाळिसाची तुकडी धरली तर ९.१५, म्हणजे १० तुकड्या लागतात. आठ ठेवल्या तर ४६ जण बाहेर राहतात.

इथे तीन जागी घसरायला होतं. एक, ७५% हा दर सरसकट धरला जातो. पण मुख्य सत्रातला दर आणि पुनर्परीक्षार्थींचा दर यांत मोठा फरक असतो, तेव्हा दोन्ही वेगळे काढा. दोन, "लगेच पुढचा विषय घेतात" हा ९०% चा दर ज्या वर्षी जागा अपुऱ्या होत्या त्या वर्षावरून काढू नका, तोही दाबलेला असतो. तीन, तुकडी सकाळी आठला आणि दुसऱ्या आवश्यक विषयाच्या वेळेवरच ठेवली तर जागा असून उपयोग नाही. वेळेची टक्कर तपासायला कुठले दोन विषय एकाच सत्रात किती जण मिळून घेतात याचा जोडीतक्ता करा. ज्या जोडीत संख्या मोठी आहे आणि दोन्ही विषयांना एकेकच तुकडी आहे, त्या जोडीवर आधी लक्ष द्या.

---

मध्यक

उत्तम. एक भर: नोंदणीच्या पडद्यावर "तुकडी भरली आहे" असा संदेश किती वेळा आणि कोणाला गेला याची नोंद बऱ्याच प्रणाली आपोआप ठेवतात, पण ती कोणी उघडून पाहत नाही. प्रतीक्षायादी नसली तरी दडलेल्या मागणीचा अंदाज तिथून येतो. एकाच विद्यार्थ्याचे दहा प्रयत्न एकदाच मोजावेत, एवढी काळजी घ्या.

खोल्यांचंही तसंच. "खोल्या ६०% वेळ वापरात" हे अर्धं चित्र. त्या वेळेत सरासरी ५५% खुर्च्या भरलेल्या असतील तर प्रत्यक्ष वापर ०.६० × ०.५५, म्हणजे ३३%. नवी इमारत मागण्याआधी ९० च्या खोलीत ३५ जणांचा वर्ग का भरतो, हे पाहावं.

---

उत्तरायण

गळतीच्या मॉडेलांवर निशिगंधा थोड्या कठोर झाल्या आहेत, पण त्यांचा रोख कळतो. मॉडेलाचा उपयोग आहे, फक्त त्याला प्रश्न बरोबर विचारला पाहिजे.

"आमचं मॉडेल ८५% अचूक आहे" या वाक्याला अर्थ नाही. १००० विद्यार्थ्यांपैकी १५० जण सोडून जाणार असतील तर "कोणीच जाणार नाही" असं सांगणारं मॉडेलही ८५% अचूक ठरतं आणि एकालाही वाचवत नाही. दोन आकडे विचारा: मॉडेलाने काढलेल्या धोक्याच्या यादीत आलेल्यांपैकी खरोखर धोक्यात किती, आणि धोक्यातल्यांपैकी यादीत आले किती.

यादीची लांबी समुपदेशकांवरून ठरते. तीन समुपदेशक आठवड्याला प्रत्येकी ४० जणांशी नीट बोलू शकत असतील तर यादी १२० ची. सोडून जाण्याची शक्यता ०.५ च्या वर तर "धोक्यात", अशी जी सीमा सॉफ्टवेअर आपोआप लावतं तिचा तुमच्या मनुष्यबळाशी काही संबंध नाही. धोक्याच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे १२० घ्या. समजा त्यांतले ६६ खरे निघाले: नेमकेपणा ५५%, आणि १५० पैकी पोहोच ४४%. आता हाच निकष साध्या नियमाला लावा: पहिल्या तीन आठवड्यांत हजेरी ६०% च्या खाली किंवा पहिलं लेखी काम दिलेलं नाही. नियमाने निवडलेल्या १२० पैकी ६० खरे निघत असतील तर मॉडेलाने कमावलं काय? सहा विद्यार्थी. हे सहा महत्त्वाचे आहेतच, पण त्यासाठी दर वर्षी लागणारी देखभाल परवडते का ते पाहून ठरवा. नियम शिक्षकाला एका वाक्यात समजतो, ही त्याची जमेची बाजू.

मॉडेल करायचंच तर लॉजिस्टिक रिग्रेशनपासून (हो-नाही अशा फलिताची शक्यता काढणारी साधी संख्याशास्त्रीय पद्धत) सुरुवात करा. काही हजार ओळी आणि वीसेक रकान्यांच्या डेटावर अवघड पद्धतींचा फायदा बहुधा किरकोळ निघतो.

---

पूर्वरंग

उत्तरायण यांच्याशी सहमत. फक्त मॉडेल फसवं निघण्याचं मुख्य कारण राहिलं: भविष्यातली माहिती रकान्यांत शिरणं.

जुन्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यात "शेवटच्या लॉगिनची तारीख" असा रकाना असतो. जो तिसऱ्या महिन्यात सोडून गेला त्याची शेवटची तारीख तिसऱ्या महिन्यातली असणारच. म्हणजे रकान्यात उत्तरच लिहिलेलं आहे. चाचणीत मॉडेल झळकतं आणि चालू सत्रात, जिथे सगळ्यांची शेवटची तारीख कालची-परवाची आहे, तिथे आपटतं. "परीक्षा अर्ज भरला का", "अनामत रक्कम परत दिली का" हे त्याच जातीचे रकाने. उपाय असा: भाकीत करण्याचा दिवस ठरवा, समजा चौथ्या आठवड्याचा शेवट, आणि प्रत्येक रकाना त्या दिवशी जसा दिसला असता तसाच बांधा. मध्यक यांनी सांगितलेली गोठवलेली प्रत इथेही लागते. फक्त ती चौथ्या आठवड्याचीही काढून ठेवायला हवी.

मॉडेल तपासण्यासाठी ओळींची यादृच्छिक वाटणी करू नका. मॉडेलाला जुन्या वर्षांच्या विद्यार्थ्यांवर शिकवा आणि सगळ्यात ताज्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर तपासा. प्रत्यक्षात वापर तसाच होणार आहे.

ऑनलाइन वर्गातले क्लिक तर कच्चे वापरूच नयेत. एक शिक्षक सगळी टिपणं एकाच फाइलमध्ये चढवतो, दुसरा रोज छोटी चाचणी ठेवतो. पहिल्याच्या वर्गातला अभ्यासू विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गातल्या आळशापेक्षा कमी क्लिक करतो. प्रत्येक विषयाच्या आत विद्यार्थ्याचं शततमक (वर्गातले किती टक्के त्याच्या खाली आहेत) काढा, तरच विषयांमध्ये तुलना होते.

यादीत नुसता धोक्याचा आकडा देऊ नका, कारणही द्या. "हजेरी ८०% वरून ४५%", "पहिली दोन लेखी कामं नाहीत", "दुसरा हप्ता थकीत" या तीन ओळींवर वेगवेगळ्या माणसांनी काम करायचं असतं. थकीत हप्त्याच्या विद्यार्थ्याला अभ्यासाच्या सवयींवर भाषण देऊन काय होणार? अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे २०१२ पासून ८०० हून जास्त इशाऱ्यांची प्रणाली चालते. पण त्याच सुमारास त्यांनी समुपदेशकांची संख्या बरीच वाढवली आणि थोडी फी थकल्यामुळे नाव कमी होऊ नये म्हणून छोटी अनुदानंही सुरू केली. नुसतं सॉफ्टवेअर विकत घेऊन तसा परिणाम मागणाऱ्या संस्था हा अर्धा भाग विसरतात.

---

तळटीप

आणि उपाय केल्यावर त्याचा परिणाम मोजताना सगळ्यात जास्त फसगत होते.

पर्ड्यू विद्यापीठाच्या कोर्स सिग्नल्स या प्रणालीचं प्रकरण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात लाल, पिवळा, हिरवा दिवा दिसायचा. दोन किंवा अधिक विषयांत ही प्रणाली वापरलेले विद्यार्थी टिकून राहण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त असल्याचं जाहीर झालं. २०१३ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की कार्यकारणभाव उलटा असू शकतो: जो विद्यार्थी टिकतो तोच जास्त विषय घेतो, म्हणून त्याच्या वाट्याला प्रणालीचे विषयही जास्त येतात. पहिल्या सत्रात सोडून गेलेल्याला दुसरा विषय घ्यायची संधीच नव्हती. एकाने संगणकावर नमुना चालवून दाखवलं की प्रणालीऐवजी विद्यार्थ्यांना चॉकलेट वाटली असती तरी हाच "परिणाम" दिसला असता.

"ज्यांनी शिकवणी-केंद्राला पाच वेळा भेट दिली ते जास्त उत्तीर्ण झाले" हे वाक्य याच घाटाचं आहे. पाचव्या भेटीपर्यंत टिकलेलेच त्यात मोजले जातात, शिवाय मुळात तिथे जाणारे वेगळे असतात.

काय करता येतं? यादी २४० जणांची आहे आणि या आठवड्यात १२० जणांशीच बोलता येणार आहे, तर आधीचे १२० चिठ्ठ्या टाकून निवडा. उरलेल्यांना पुढच्या टप्प्यात घ्या. कोणावर अन्याय होत नाही, कारण सगळ्यांना एकदम भेटणं शक्यच नव्हतं, आणि मधल्या काळात दोन्ही गटांच्या हजेरीची प्रामाणिक तुलना मिळते. गुणांच्या सीमेवर मदत मिळत असेल, समजा ४० च्या खाली पूरक वर्ग सक्तीचा, तर ३७ ते ३९ आणि ४० ते ४२ यांची तुलना करा. हे विद्यार्थी जवळपास सारखेच असतात. फक्त परीक्षकाने ३९ चे ४० करण्याची प्रथा आहे का ते आधी बघा. गुणांच्या वितरणात ३९ वर खड्डा आणि ४० वर उंचवटा दिसला तर ही पद्धत तिथे चालत नाही.

संख्येचा विचार आधी करा. टिकण्याचं प्रमाण ८०% वरून ८५% झालं हे खात्रीने दाखवायला प्रत्येक गटात सुमारे ९०० जण लागतात (नेहमीची ५% सार्थकता, म्हणजे नसलेला परिणाम चुकून दिसण्याची शक्यता, आणि ८०% शक्ती, म्हणजे असलेला परिणाम पकडला जाण्याची शक्यता, धरून). ७५ वरून ८५ साठी सुमारे २५० पुरतात. लहान संस्थेने एका सत्रात निष्कर्ष काढायची घाई करू नये. तीन-चार वर्षांचे विद्यार्थी एकत्र करावेत किंवा पुढच्या लेखी कामाची पूर्तता असं जवळचं फलित मोजावं.

---

कोष्टक

तळटीप, तुमच्या प्रतिसादाला जोडून लहान संख्यांबद्दल. १२ जणांच्या वर्गात ४ नापास झाले की "३३% नापास" असं लाल अक्षरांत छापलं जातं. त्या ३३ चा ९५% विश्वासार्ह पल्ला (खरं प्रमाण बहुधा ज्या मर्यादेत असतं तो) साधारण १४% ते ६१% आहे. २४० पैकी ८० नापास असतील तर टक्केवारी तीच, पल्ला २८% ते ४०%. पहिल्यावरून शिक्षकाला जाब विचारणं अन्यायाचं आहे. पल्ला न छापता विषयवार टक्केवारीची क्रमवारी लावली की सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली लहान वर्गच येतात. तळाचे पाच विषय निवडून तिथे उपाय केले की पुढच्या वर्षी ते आपोआप थोडे वर सरकतात, कारण तळाला जाण्यात योगायोगाचाही वाटा होता, आणि श्रेय उपायाला जातं.

एकत्रित टक्केवारी आणखी एका प्रकारे फसवते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत ८४४२ पुरुष अर्जदारांपैकी ४४% आणि ४३२१ स्त्री अर्जदारांपैकी ३५% जणांना प्रवेश मिळाला. वरवर पाहता स्त्रियांवर उघड अन्याय. विभागवार पाहिल्यावर मात्र चित्र पालटलं. सगळ्यात मोठ्या विभागांपैकी एकात पुरुषांना ६२% आणि स्त्रियांना ८२% प्रवेश मिळाले होते. ज्या विभागांत कोणालाच सहजी प्रवेश मिळत नाही तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते, म्हणून एकूण टक्केवारी खाली आली. हे विश्लेषण १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं.

यावरून "विभागवार आकडा नेहमी खरा" असंही म्हणता येत नाही. प्रवेशसमितीचा निर्णय तपासायचा असेल तर विभागवार पाहा. स्त्रिया कमी जागांच्या विभागांकडेच का वळतात आणि त्या विभागांना जागा कमी का, हे विचारायचं असेल तर एकूण आकड्यातच उत्तराचं टोक आहे. कुठल्या पातळीवर आकडा पाहायचा हे निर्णय कोणाच्या हातात आहे त्यावरून ठरतं.

---

शुक्रतारा

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचा विषय अजून निघाला नाही, तो काढतो. पाचपैकी ४.१२ आणि ४.२६ अशा सरासऱ्यांवर शिक्षकांची क्रमवारी लावू नये. "सहमत" आणि "पूर्ण सहमत" यांतलं अंतर कोणी मोजलेलं नाही, प्रतिसाद ३०% जणांचे, आणि एकाच विषयाच्या अनेक तुकड्यांवरच्या अभ्यासांचं २०१७ मध्ये झालेलं एकत्रित पुनर्विश्लेषण सांगतं की अभिप्रायातले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत लक्षणीय संबंध सापडत नाही. अभिप्रायातून ठोस गोष्टी विचारा: लेखी काम किती दिवसांत तपासून मिळालं, तास वेळेवर झाले का, कुठला घटक समजला नाही. उत्तरांचं पूर्ण वितरण छापा आणि सोबत किती जणांपैकी किती जणांनी भरलं तेही छापा.

मोजमापाला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की मोजमाप वाकतं, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच मांडलं होतं. उत्तीर्णांच्या टक्केवारीवर शिक्षकाची बढती ठेवली की प्रश्नपत्रिका सोपी होते. म्हणून एकटा आकडा कधी ठेवू नये. त्याला चुकवणं अवघड जाईल असा जोडीदार द्या. गणिताच्या पहिल्या भागाच्या उत्तीर्णांसोबत त्याच विद्यार्थ्यांचे दुसऱ्या भागातले गुण पाहा. पहिल्यात ९०% पास होऊन दुसऱ्यात निम्मे अडकत असतील तर पहिल्या भागात काय झालं ते लगेच कळतं.

मध्यक यांच्या ७६ आणि ८० च्या उदाहरणाला तर फार गंभीर बाजू आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांकडून सर्वेक्षण भरून घेऊन, टिकणार नाहीत असे वाटणारे काही जण गणनेच्या तारखेआधीच बाहेर पडावेत असा बेत उघडकीस आला. छेद लहान केला की टक्केवारी वाढते, एवढाच त्यामागचा हिशोब. मोठा गदारोळ झाला आणि अध्यक्षांना पद सोडावं लागलं. जी यादी मदतीसाठी करायची तीच हकालपट्टीसाठी वापरता येते. म्हणून यादी कशासाठी वापरायची नाही, हे आधी लिहून सहीनिशी ठरवलं पाहिजे.

---

उत्तरायण

शुक्रतारा, तुमच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. त्याच्या व्यवहारातल्या बाजू लिहितो.

नावांची यादी फक्त ज्याने फोन करायचा त्याच्याकडे. विभागप्रमुखाला संख्या, समितीला टक्केवारी. शिकवणाऱ्या शिक्षकाला धोक्याचा गुणांक दाखवू नये. उत्तरपत्रिका तपासताना तो मनात राहतो. हजेरी कमी आहे, लेखी काम आलं नाही, एवढं त्याला कळलं तरी पुरे.

कोणी ओळखू येऊ नये म्हणून अहवालात ५ पेक्षा लहान गटाची चौकट झाका, आणि ती एकटी झाकू नका. एकूण ४० आणि बाकीच्या गटांचे २२ आणि १५ छापलेले असतील तर झाकलेला आकडा ३ आहे हे वजाबाकीने कळतं. त्याच ओळीतली आणखी एक चौकट झाकावी लागते.

जात, धर्म, लिंग, कौटुंबिक उत्पन्न हे रकाने भाकितात घालायचे का? यावर माझं मत स्पष्ट आहे: भाकितात नकोत, तपासणीत हवेत. काढून टाकले म्हणजे पक्षपात गेला असं होत नाही, कारण राहण्याचा भाग किंवा शाळेचा प्रकार त्यांची जागा घेतो. म्हणून ते वेगळ्या फाइलीत ठेवा आणि प्रत्येक गटासाठी उगाच यादीत आलेले किती आणि सुटलेले किती, हे दर सत्राला तपासा. एका गटातले धोक्यातले विद्यार्थी वारंवार सुटत असतील तर त्यांच्यासाठी रकाने अपुरे आहेत. नोकरी करून शिकणाऱ्यांची ऑनलाइन हजेरी रात्री उशिरा पडते आणि "दिवसातली सक्रियता" या रकान्यात ते गैरहजर दिसतात. अशा वेळी रकानाच बदलावा.

---

निशिगंधा_७

समितीपुढे काय न्यायचं याबद्दल लिहिते, कारण चांगलं विश्लेषण तिथे जाऊन विरतं.

एकच पान. वर निर्णयाचं एक वाक्य: "दहा तुकड्या उघडाव्यात." त्याखाली अंदाज आणि पल्ला: ३६६, साधारण ३४० ते ३९०. मग दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत. दहा उघडल्या आणि ३४० च आले तर ६० जागा रिकाम्या, म्हणजे दीड तुकडीचं मानधन वाया. आठच उघडल्या आणि ३९० आले तर ७० विद्यार्थ्यांचं एक सत्र वाया. समितीला निवड करायची असते ती या दोनांत, आणि आकड्यांचा पल्ला दाखवला तरच ती निवड दिसते. मधला मार्गही लिहा: नऊ तुकड्या जाहीर, दहावीसाठी शिक्षक आणि खोली राखून, नोंदणीच्या तिसऱ्या दिवशी ३०० चा आकडा ओलांडला तर उघडायची. आलेख एकच, तोही लागला तर. पद्धतीचं टिपण मागच्या पानावर.

आणि एक निर्णयवही ठेवा. तारीख, निर्णय, त्या वेळचा अंदाज, कोणी घेतला, आणि रिकामा रकाना: प्रत्यक्षात काय झालं. नोंदणी बंद झाल्यावर आठवड्याभरात तो रकाना भरायचा. ३६६ च्या जागी ३७८ आले तर तो किरकोळ फरक. पण सलग तीन सत्रं अंदाज एकाच बाजूला चुकत असेल तर कुठला तरी दर शिळा झाला आहे. आधी तो ९०% चा दर तपासा. अभ्यासक्रमात पर्यायी विषय वाढले की उत्तीर्णांचा दर जागच्या जागी राहतो आणि पहिल्यांदा हाच बदलतो.